ऑनलाइन कोर्स मध्येच का सुटतो आणि तो पास होण्यासाठी नेमकं काय करावं लागतं?

जुलैमध्ये सेमिस्टर सुरू झालं की अनेक कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो. 'या वेळी ओपन इलेक्टिव्ह स्वयमवरून करायचा आहे, प्रत्येकाने एक कोर्स निवडून एनरोल व्हा.' लिंक उघडते, ईमेल आयडी टाकला जातो आणि दोन मिनिटांत नाव नोंदवून होतं. पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ उत्साहात पाहिले जातात. दुसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकलचं सबमिशन येतं, मग गणपती येतात आणि कोर्सची टॅब उघडायची राहून जाते. पुढे हॉलतिकिटाची चर्चा सुरू होते, तेव्हा काही जणांना पहिल्यांदाच कळतं की परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा होता आणि त्याची मुदत कधीच संपली आहे.

पूर्वी असा कोर्स अर्धवट सुटला तर फारसं बिघडत नव्हतं. हौस म्हणून घेतलेला कोर्स तो. आता त्याच कोर्सवर डिग्रीचे क्रेडिट अवलंबून असतात. कोर्स बुडाला तर केटी लागू शकते आणि वर्षाचं गणित बिघडू शकतं.

मग ऑनलाइन कोर्स नेमका कुठे सुटतो? हुशार मुलांचाही का सुटतो? आणि तो नीट पूर्ण करायचा तर काय करावं लागतं?

कॉलेजच्या डिग्रीत ऑनलाइन कोर्स आले कुठून?

देशातल्या आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल हा प्रकल्प सुरू केला. आयआयटीतल्या प्राध्यापकांची लेक्चर्स सगळ्यांना मोफत पाहता यावीत, हा त्याचा मूळ हेतू. २०१४ पासून या लेक्चर्सना जोडून परीक्षा आणि प्रमाणपत्रं सुरू झाली.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'स्वयम' या पोर्टलचं उद्घाटन झालं. एनपीटीईएलसह वेगवेगळ्या संस्थांचे कोर्स तिथे एका छताखाली आले. त्यात इंजिनिअरिंगसोबत वाणिज्य, भाषा, मानसशास्त्र, कायदा, शिक्षणशास्त्र असे विषयही आहेत.

खरा बदल झाला तो क्रेडिटच्या नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येत होते. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे सेमिस्टरला पाच विषय असतील, तर त्यातले दोनपर्यंत विषय ऑनलाइन करायला परवानगी देण्याची मुभा विद्यापीठाला मिळाली.

कोर्स साधारण ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. एनपीटीईएलच्या कोर्सना सहसा ४ आठवड्यांसाठी १, ८ आठवड्यांसाठी २ आणि १२ आठवड्यांसाठी ३ क्रेडिट धरले जातात.

किती जण कोर्स पूर्ण करतात?

याचं उत्तर धक्कादायक आहे आणि त्यातच खरी गोम आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्ड या दोन संस्थांनी एडएक्स या मंचावर चालवलेल्या मोफत कोर्सची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कोर्सचं पान एकदाही उघडलं नव्हतं. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये त्याच वर्षी कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्के होतं.

कोर्स तेच, प्राध्यापक तेच, व्हिडिओही तेच. तरी एवढा फरक पडला. ज्यांनी पैसे भरले ते मुळातच जास्त गंभीर होते, हे त्याचं एक कारण. तरीही या आकड्यांवरून एक गोष्ट दिसते. कोर्स सुटण्याचं कारण दर वेळी विषय अवघड असणं हे नसतं. बऱ्याच जणांची गाडी विषय अवघड होण्याच्या आधीच थांबलेली असते.

वर्गात असतं ते इथे काय नसतं?

वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यासाठी बरीच कामं कॉलेज परस्पर करत असतं. सोमवारी साडेदहाला लेक्चर आहे हे वेळापत्रक ठरवतं. हजेरी कमी पडली तर नोटीस लागते. सर अचानक प्रश्न विचारतात. शेजारी बसलेली मैत्रीण सांगते, 'अगं, उद्या सबमिशन आहे.' व्हायवाची धास्ती असते. यातलं काहीच अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं, पण अभ्यास पुढे सरकतो तो बऱ्याच अंशी याच रेट्यामुळे.

ऑनलाइन कोर्समध्ये हा रेटा गायब होतो. लेक्चर कधीही पाहता येतं, म्हणून ते 'नंतर' पाहायचं ठरतं. हजेरी नसल्यामुळे दोन आठवडे दांडी मारली तरी कुणी हटकत नाही. आठवणीचे ईमेल येतात, पण ते बँकेच्या आणि जाहिरातींच्या मेलखाली दबून जातात.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांमधल्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास डी शू आणि शॅना जॅगर्स या संशोधकांनी केला होता. समोरासमोरच्या वर्गाच्या तुलनेत ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थ्यांची कामगिरी घसरत होती. ज्यांचे गुण आधीच कमी होते आणि ज्यांचं वय कमी होतं, त्यांची घसरण जास्त होती.

म्हणजे ज्यांना आधाराची जास्त गरज असते, त्यांनाच आधार निघून गेल्याचा फटका जास्त बसतो. पार्टटाइम काम करणारा मुलगा, घरकाम सांभाळून शिकणारी मुलगी, गावाकडे राहून कॉलेजला ये-जा करणारे विद्यार्थी यांच्यासाठी 'कधीही, कुठेही शिका' ही सोय खरी आहे. पण ती वापरायची तर वर्गातला तो रेटा स्वतःच तयार करावा लागतो. ऑनलाइन कोर्समध्ये यश मिळवण्याचं निम्मं काम हेच आहे.

गुणांचं गणित आधी समजून घ्या

एनपीटीईएलच्या बहुतेक कोर्सचं सूत्र सोपं आहे. अंतिम निकालात दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ गुण आणि शेवटच्या परीक्षेला ७५ गुण असतात. ४ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ३, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६ आणि १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये ८ असाइनमेंटची सरासरी धरतात.

पास होण्यासाठी दोन अटी आहेत. असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. इथेच अनेकांची गफलत होते.

दोन उदाहरणं पाहू.

पहिल्या विद्यार्थ्याची असाइनमेंटची सरासरी १०० पैकी ९५ आहे. त्याचे २५ पैकी २३.७५ गुण झाले. परीक्षेत त्याला १०० पैकी ३६ मिळाले, म्हणजे ७५ पैकी २७. बेरीज ५०.७५ होते, पण परीक्षेतले ३० गुण गाठले नाहीत. प्रमाणपत्र नाही.

दुसऱ्या विद्यार्थिनीला परीक्षेत १०० पैकी ७० मिळाले, म्हणजे ७५ पैकी ५२.५. पण बऱ्याच असाइनमेंट राहून गेल्यामुळे तिची सरासरी ३६ आली आणि २५ पैकी ९ गुण झाले. बेरीज ६१.५ असूनही प्रमाणपत्र नाही.

प्रोग्रामिंगच्या काही कोर्सचं आणि स्वयमवरच्या इतर संस्थांच्या कोर्सचं सूत्र वेगळं असतं. त्यामुळे ज्या कोर्सला नाव नोंदवलं, त्याच्या पानावरचा गुणांचा तक्ता पहिल्याच दिवशी वाचून ठेवावा.

१२ पैकी ८ असाइनमेंट धरतात, याचा अर्थ पहिल्या ४ सोडल्या तरी चालतील असा अनेक जण घेतात. हिशेबाने ते खरं आहे, पण मग उरलेल्या आठही असाइनमेंट द्याव्याच लागतात आणि त्यातली एक बिघडली तरी सरासरी खाली येते. शिवाय पहिल्या ४ आठवड्यांत विषयाचा पाया असतो. जुलैच्या सत्रात गणपती, नवरात्र आणि कॉलेजची युनिट टेस्ट येते. जानेवारीच्या सत्रात गॅदरिंग आणि प्रॅक्टिकल परीक्षा येतात. कधी ताप येतो, कधी घरात लग्न निघतं. सुटीच्या त्या ४ असाइनमेंट अशा दिवसांसाठी राखून ठेवायच्या असतात.

पहिल्या आठवड्यात करायची पाच कामं

• कॉलेजची लेखी मंजुरी घ्यावी. स्वयमचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून क्रेडिट आपोआप जमा होत नाहीत. कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात चालेल, हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. विभागप्रमुखांना विचारून कोर्सचं नाव मंजूर यादीत आहे याची खात्री करावी. अनेक कॉलेजांत एनपीटीईएलचा 'लोकल चॅप्टर' असतो आणि त्याचं काम पाहणारे एक प्राध्यापक नेमलेले असतात. सगळ्यात आधी त्यांना भेटावं.

• एनरोलमेंट आणि परीक्षेचा फॉर्म यातला फरक लक्षात ठेवावा. एनरोल होणं मोफत असतं. परीक्षेसाठी वेगळा फॉर्म आणि वेगळं शुल्क असतं आणि त्याची मुदत कोर्स संपण्याच्या बरीच आधी संपते. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीच्या रिमाइंडरसह टाकून ठेवावी.

• एकच ईमेल आयडी वापरावा. एका आयडीने एनरोल होऊन दुसऱ्याने परीक्षेचा फॉर्म भरला, तर असाइनमेंटचे गुण आणि परीक्षेचे गुण जुळवताना घोळ होतो. प्रमाणपत्रावर नाव कसं हवं, तेही फॉर्म भरताना नीट तपासावं.

• परीक्षेची तारीख कॉलेजच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी. ही परीक्षा केंद्रावर जाऊन, संगणकावर, पर्यवेक्षकांसमोर द्यायची असते. त्याच दिवशी विद्यापीठाचा पेपर असेल तर ते आधी कळलेलं बरं.

• विषय झेपेल का, ते तपासावं. कोर्सच्या पानावर 'आधी काय यायला हवं' हे दिलेलं असतं. पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ पाहूनही गाडी पुढे सरकत नसेल, तर नोंदणी सुरू असेपर्यंत कोर्स बदलता येतो. नंतर तो मार्ग राहत नाही.

व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला का?

ऑनलाइन शिकताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्राध्यापक छान समजावून सांगतात, पायरी-पायरीने गणित सुटतं, पाहणारा मान डोलावतो. वाटतं, समजलं. पण व्हिडिओ बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर मांडायला घेतलं की दुसऱ्या ओळीवर हात थांबतो.

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवत होतं, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवडाभराने चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणजे पुन्हा वाचल्यावर किंवा व्हिडिओ पुन्हा पाहिल्यावर 'येतंय' असं वाटणं हे त्या क्षणापुरतं असतं. आठवायचे कष्ट घेतलेलं जास्त दिवस टिकतं.

खुद्द ऑनलाइन कोर्सवरचा पुरावाही आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्समधली माहिती तपासली. व्हिडिओ पाहणं किंवा मजकूर वाचणं यांच्या तुलनेत सराव-प्रश्न सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सुमारे सहापट जास्त आढळला.

याचा सरळ अर्थ असा की दोन तास हातात असतील तर ते दोन्ही तास व्हिडिओला देऊ नयेत. एक तास व्हिडिओ आणि एक तास वही, पेन आणि प्रश्न. हीच विभागणी जास्त गुण देते.

आठवडा कसा आखावा?

एनपीटीईएलच्या कोर्समध्ये आठवड्याला साधारण अडीच ते तीन तासांचे व्हिडिओ असतात. थांबवत, लिहून घेत पाहायचे तर त्याला जास्त वेळ लागतो. त्यात सराव आणि असाइनमेंट धरली की एका कोर्ससाठी आठवड्याला पाच-सहा तास काढून ठेवावे लागतात. एवढा वेळ कुठून येणार, हे ठरवल्याशिवाय एका सत्रात दोन-तीन कोर्सना नाव नोंदवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

'रोज थोडा अभ्यास करायचा' हा संकल्प सहसा टिकत नाही, कारण त्यात वेळ आणि जागा ठरलेली नसते. 'मंगळवार आणि गुरुवारी शेवटचं लेक्चर संपलं की लायब्ररीत एक तास' हा संकल्प टिकण्याची शक्यता जास्त असते. कोणत्या कामानंतर, कुठे, किती वेळ हे आधी ठरलेलं असलं की दर वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

एका आठवड्याची घडी अशी बसवता येते:

• पहिली बैठक, दीड तास: निम्मे व्हिडिओ. प्रत्येक व्हिडिओ संपल्यावर तो बंद करून तीन-चार ओळींत मुख्य मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मराठीत लिहिला तरी चालतो, समजणं महत्त्वाचं.

• दुसरी बैठक, दीड तास: सुरुवातीची दहा मिनिटं मागच्या बैठकीतलं वही न उघडता आठवून पाहायचं. मग उरलेले व्हिडिओ.

• तिसरी बैठक, एक तास: व्हिडिओत सोडवून दाखवलेली उदाहरणं न पाहता सोडवायची. अडलेल्या जागांवर खूण करायची.

• चौथी बैठक, एक तास: असाइनमेंट. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी.

मुदत सहसा रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत असते. साडेअकराला लॅपटॉप उघडणाऱ्याचं नेट नेमकं तेव्हाच जातं. असाइनमेंट आधीच जमा केली तर मुदतीच्या आत उत्तरं बदलून पुन्हा जमा करता येतात आणि शेवटी जमा केलेली उत्तरं तपासली जातात. त्यामुळे दोन दिवस आधी एकदा जमा करून ठेवण्यात तोटा काहीच नाही.

उत्तरं ग्रुपवर मिळतात तेव्हा

याबद्दल उघड बोललं जात नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. असाइनमेंट जाहीर झाली की यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर तिची उत्तरं फिरू लागतात. पाच मिनिटांत दहा पर्याय टिक केले की आठवडा मिटला.

यात प्रामाणिकपणाचा प्रश्न तर आहेच. कोर्सला नाव नोंदवताना स्वतःची उत्तरं स्वतः देण्याचं बंधन मान्य केलेलं असतं. पण शुद्ध व्यवहार पाहिला तरी हा सौदा तोट्याचा आहे. उत्तरं टिपून घेणारा २५ गुणांचा भाग सांभाळतो आणि ७५ गुणांची तयारी घालवतो. वरच्या उदाहरणातला पहिला विद्यार्थी, असाइनमेंटमध्ये ९५ आणि परीक्षेत ३६, असाच तयार होतो. परीक्षा केंद्रावर मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि तीन तास समोर फक्त संगणक असतो. शिवाय फिरणारी उत्तरं बरोबर असतीलच याची हमी कोण देणार?

ग्रुप मात्र उपयोगाचा असतो. तीन-चार जणांनी एकच कोर्स घेतला आणि आठवड्यातून एकदा कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसून एकेकाने एकेक मुद्दा समजावून सांगितला, तर वर्गातला हरवलेला रेटा परत येतो. समजावून सांगताना आपल्याला काय येत नाही, हे लगेच उघडं पडतं. 'या आठवड्याची असाइनमेंट दिलीस का रे?' एवढा एक मेसेजही अनेकांना कोर्समध्ये टिकवून ठेवतो.

इंग्रजी आणि इंटरनेट अडसर ठरत असेल तर

आयआयटीच्या प्राध्यापकांचं वेगवान इंग्रजी पहिल्या आठवड्यात अनेकांच्या डोक्यावरून जातं. त्यावर काही साधे उपाय आहेत. व्हिडिओचा वेग थोडा कमी करता येतो. सबटायटल लावता येतात. एनपीटीईएलने अनेक कोर्समधल्या लेक्चर्सचा मजकूर मराठीसह वेगवेगळ्या भारतीय भाषांमध्ये उपलब्ध करून दिला आहे. आपल्या कोर्सचा मराठी मजकूर आहे का, ते पाहून घ्यावं. असेल तर आधी मराठीत वाचून मग इंग्रजी लेक्चर ऐकलं की ते बरंच सोपं जातं. मात्र परीक्षेतले शब्द इंग्रजीच असतात, म्हणून प्रत्येक आठवड्याच्या तांत्रिक शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानांवर करत जावी.

डेटा पुरत नसेल तर कॉलेजच्या वाय-फायवर आठवड्याचे व्हिडिओ आणि नोट्स उतरवून घ्याव्यात. व्हिडिओ मोबाइलवर पाहिला तरी असाइनमेंट शक्यतो कॉम्प्युटर लॅबमध्ये सोडवावी, कारण शेवटची परीक्षाही कीबोर्ड-माउसवरच द्यायची असते. घरात एकच फोन असेल, तर तो कोणत्या वेळी कुणाकडे राहणार हे घरच्यांशी बोलून ठरवावं. 'मोबाइलवर अभ्यास चालू आहे' हे घरच्यांना पटत नाही, अशी तक्रार अनेक मुलींची असते. आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावलं तर तो वाद बराच कमी होतो.

शंका विचारायच्या कुठे?

प्रत्येक कोर्सला चर्चेसाठी फोरम असतो आणि तिथे प्राध्यापकांचे सहायक उत्तरं देतात. बहुतेक विद्यार्थी तिकडे फिरकतच नाहीत. आपला प्रश्न बाळबोध ठरेल अशी भीती त्यांना वाटते.

प्रश्न नेमका विचारला तर उत्तर लवकर येतं. 'तिसरा आठवडा समजला नाही' यावर कुणी काय सांगणार? 'तिसऱ्या आठवड्याच्या दुसऱ्या लेक्चरमध्ये, बाराव्या मिनिटाला, दुसऱ्या पायरीतून तिसरी पायरी कशी आली?' याला उत्तर देता येतं. अनेक कोर्समध्ये ठरावीक वेळी थेट शंका-निरसनाची सत्रंही होतात. त्यांच्या तारखा ईमेलवर येतात, म्हणून कोर्सचे मेल वेगळ्या लेबलखाली जमा होतील अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

मागे पडल्यावर काय करायचं?

तीन आठवडे राहून गेले की मनात एकच विचार येतो, 'आता पहिल्यापासून सगळं पाहू.' मग तो 'पहिल्यापासून'चा दिवस उजाडतच नाही. दरम्यान चालू आठवड्याची मुदतही निघून जाते.

यावर उलट्या बाजूने सुरुवात करावी. आधी चालू आठवड्याची असाइनमेंट वाचावी, ती सोडवायला जेवढं लागतं तेवढं पाहावं आणि ती मुदतीत जमा करावी. म्हणजे गुण गळायचे थांबतात. मग रोज अर्धा तास मागच्या एका आठवड्यासाठी द्यावा. तिथेही आधी जुनी असाइनमेंट सोडवून पाहावी. मुदत संपल्यावर तिची उत्तरं कोर्सच्या पानावर दिसतात, त्यामुळे कुठलं लेक्चर खरंच पाहायला हवं ते कळतं.

शेवटचे पंधरा दिवस

शेवटच्या परीक्षेसाठी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहायला वेळ नसतो आणि त्याची गरजही नसते. सगळ्या असाइनमेंट कोऱ्या काढून, उत्तरं झाकून, पुन्हा सोडवाव्यात. जिथे चुकलं तेवढ्याच लेक्चरकडे परत जावं. एखादी असाइनमेंट घड्याळ लावून सोडवली तर वेळेचाही अंदाज येतो. हॉलतिकिटाची प्रत, मूळ ओळखपत्र आणि केंद्राचा पत्ता आदल्या दिवशी तपासावा. केंद्र दुसऱ्या शहरात आलं असेल तर एसटीची वेळही पाहून ठेवावी, कारण उशिरा पोहोचणाऱ्याला आत सोडत नाहीत.

निकालात ४० ते ५९ गुणांना साधं प्रमाणपत्र मिळतं. ६० पासून त्यावर 'एलिट' असा उल्लेख येतो, ७५ पासून त्याला 'सिल्व्हर' आणि ९० पासून 'गोल्ड' जोडलं जातं. प्रमाणपत्र हाती आलं की ते कॉलेजमध्ये वेळेत जमा करणं आणि मार्कशीटवर क्रेडिट चढले का ते पाहणं, हे शेवटचं काम. तेही विद्यार्थ्यालाच करावं लागतं.

एकूण पाहिलं तर ऑनलाइन कोर्स पास होण्यासाठी असामान्य बुद्धी लागत नाही. आठवड्याला पाच-सहा ठरलेले तास, पाहण्याइतकंच सोडवणं, कॅलेंडरमधल्या दोन-चार तारखा आणि विचारपूस करणारे एक-दोन सोबती एवढं जमवावं लागतं. वर्गात यातलं बरंचसं न मागता मिळायचं. इथे ते पहिल्या आठवड्यातच जमवून ठेवलं, तर हॉलतिकिटाची चर्चा सुरू झाल्यावर धावाधाव करायची वेळ येत नाही.